शेंडा खाली

१

खांब उभा करायचा तो झाड जसं उभं होतं तसाच. बुंधा खाली, शेंडा वर. आम्ही सुतार मंडळी फार नियम पाळतो अशातला भाग नाही, उद्या म्हटलेलं काम परवा द्यायचं हे तर आमच्या रक्तातच आहे. पण ही एक गोष्ट कुणी मोडत नाही. का, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. मी बाबांना एकदा विचारलं होतं. "तुला उलटं टांगलं तर चालेल का?" असं म्हणून ते परत रंधा मारायला लागले होते.

अडचण एवढीच, की लाकूड चौकोनी तासलं की कुठलं टोक बुंध्याचं नि कुठलं शेंड्याचं, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी आमच्या मागच्या अंगणात लांबलचक हौद आहे. लाकूड त्यात सोडायचं. बुंध्याकडचा भाग जड असतो, ते टोक खाली झुकतं. खडूनं खूण करायची, झालं काम.

बाबांच्या मागे कारखाना मी आणि दादा चालवतो. खाली कारखाना आणि त्याला लागून माझी खोली, वर दादा-वहिनी. माझ्या खोलीच्या छताची तुळई मधोमध तडकली, तेव्हा तिच्याखाली खांब देणं भाग होतं. बंदरावरचा जुना धक्का नुकताच पाडला होता, त्याचा एक खांब दादानं आणलेला होता. तो आम्ही हौदात सोडला आणि तो सरळ तळाशी गेला. दोन्ही टोकं एकदम.

दादा हौदात बघत हसला. "याला तर पोहताच येत नाही."

२

त्या लाकडाचं खरं नाव मला माहीत नाही. कुठल्याशा उष्ण प्रदेशातल्या रानातलं, एवढंच धक्का पाडणाऱ्या मुकादमानं सांगितलं होतं. पण त्याचे गुण आम्हाला ऐकून ठाऊक होते आणि ते एकेक करून पटत गेले. खिळा ठोकला तर खिळा वाकतो, आधी भोक पाडावं लागतं. करवतीचे दात एका कापात बोथट होतात. भुसा नाकात गेला की माणूस शिंकून बेजार. वाळवी त्याला तोंड लावत नाही, आणि खाऱ्या पाण्यातले किडे, जे बाकी लाकडाची चाळण करतात, ते याच्या वाटेला जात नाहीत. म्हणून धक्क्यांना, पुलांना, कालव्यांच्या दरवाजांना हेच वापरतात. त्याच्या अंगातच तेल असतं, त्यामुळे जहाजाच्या पंख्याचा दांडा याच्या आधारावर वर्षानुवर्षं फिरतो. उरलेल्या तुकड्यांच्या ठोकायच्या मोगऱ्या करतात, त्या माणसाला जन्मभर पुरतात.

आणि मुख्य गुण म्हणजे ते इतकं घट्ट असतं, की त्याच्यातून पाण्याचा थेंबही जात नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते. नंतर मी स्वतःलाच हे पुष्कळदा सांगितलं.

हौदानं उत्तर दिलं नाही, तेव्हा दादानं खांबावरच्या खुणा पाहिल्या. एका टोकाला गाळाचा काळा डाग हातभर वर चढलेला होता. "हे टोक गाळात होतं," तो म्हणाला. "म्हणजे हे खाली. इतकी वर्षं असाच उभा होता ना? आपणही तसाच उभा करू."

मला त्यात काही चूक दिसली नाही. आम्ही चारी बाजू तासल्या, टोकं सरळ कापली, मी कापलेल्या तोंडांवर मेण लावलं. वहिनी जिन्यात उभी राहून शिंकत होती आणि प्रत्येक शिंकेनंतर आम्हाला शिव्या घालत होती. खांब माझ्या खोलीच्या मधोमध एका चपट्या दगडावर उभा राहिला. त्याचं डोकं तुळईच्या खाचेतून जाऊन वरच्या फळ्यांना टेकलं, बरोबर वहिनीच्या उशाखाली.

"रंधाबाई, तुझ्या खोलीत आता पाहुणा आला," वहिनी म्हणाली. सतत कुणाला ना कुणाला तासत असते म्हणून तिनं मला हे नाव ठेवलंय. ती शाळेत गाणं शिकवते, त्यामुळे तिची थट्टासुद्धा सुरात असते.

३

सुरुवात तांब्यावरून झाली. वहिनी रोज झोपताना उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायची. तो सकाळी रिकामा असायला लागला.

"अहो, पाणी प्यायचं तर प्या, पण परत भरून ठेवावं," ती चहा गाळताना दादाला म्हणाली.

"मी तांब्याला हात लावला नाही."

"मग काय तांब्याच प्यायला?"

दादा उन्हाळ्याला दोष देऊन मोकळा झाला. मीही तेच म्हणाले. पण वहिनीनं खाटेच्या दांडीवर टाकलेला ओला टॉवेल चहा होईपर्यंत कडक वाळायचा, आणि तोच टॉवेल खिडकीपाशी, दादाच्या बाजूला टाकला तर दुपारपर्यंत दमट राहायचा. हे वहिनीनंच मला दाखवलं. तिला गंमत वाटत होती. "हे बरं झालं," ती म्हणाली, "पावसाळ्यात कपड्यांची काळजी मिटली."

खाली माझ्या खोलीत उलटंच होतं. खांबाखालचा दगड ओला असायचा. मी फडक्यानं पुसायची आणि सकाळी तो परत ओला. जुनं लाकूड घाम सोडतं, असं मी मनाशी म्हणाले. समुद्रात उभं होतं ते, थोडंफार पाणी असणारच. मग मला आठवलं, की याच लाकडात पाणी शिरत नाही म्हणून आपण त्याचं कौतुक करत होतो.

एकदा पुसताना बोट तोंडाला लागलं. चव खारट होती. साहजिक आहे, समुद्राचं लाकूड खारटच असणार. फक्त समुद्राचं पाणी गार असतं आणि हे कोमट होतं.

४

वहिनीचा आवाज बसला. आधी वरचे सूर गेले, मग खालचेही. शाळेतल्या मुली तिला खुणेनंच विचारायला लागल्या, कारण तीही खुणेनंच शिकवत होती. ओठ फुटले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. तिनं बांगड्या काढून ठेवल्या, कारण त्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. साखर नाही, मूत्रपिंडं ठणठणीत, ताप नाही. "पाणी कमी पिता," त्या म्हणाल्या.

"मी दिवसभर तेवढंच करते हो," वहिनी म्हणाली. घोगऱ्या आवाजात तिला थट्टाही नीट जमत नव्हती.

दादा घाबरला की कामात डोकं खुपसतो. त्यानं दोन कपाटांची ऑर्डर घेतली. मी वहिनीजवळ बसायची. एका दुपारी तिला रडू आलं, म्हणजे चेहरा रडला, डोळ्यांत काहीच आलं नाही. तिनं बोटानं पापणी चाचपून पाहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, हे काय झालं मला?"

या घरात आई गेल्यावर मला कुणी पोटाशी धरलं असेल तर ते हिनं. लग्न होऊन आली तेव्हा माझ्याच वयाची, तरी पहिल्या आठवड्यात माझी वेणी घालायला बसली होती. ती जाईल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला आणि मी तो हाकलून दिला.

"काही नाही होत तुला," मी म्हणाले आणि खाली येऊन माझ्या खोलीत खांबाला टेकून बसले. कारखाना बंद होता. रस्त्यावरही कुणी नव्हतं. कान लाकडाला लागलेला होता, आणि आतून आवाज आला.

लाकूड आवाज करतं. उन्हानं तडतडतं, दमटपणानं करकरतं. आयुष्य त्यातच गेलंय, मला कुणी शिकवायला नको. हा आवाज त्यातला नव्हता. कुणीतरी घाई न करता घोट घेत होतं. एक घोट, मग जरा वेळ काही नाही, मग पुढचा घोट.

मी कान काढला नाही. चुकतेय का ते बघायचं होतं. वर वहिनी खोकली, आणि लगेच खाली घोट वाजला.

५

मी दिवा जवळ धरून खांब वरपासून खालपर्यंत तपासला. काय शोधतेय ते मलाही माहीत नव्हतं. मधोमध एक गाठ होती, जिथं एके काळी फांदी फुटली होती. खांब तासताना मी तिच्यावरून कितीदा हात फिरवला होता, पण आम्हाला सवय हौदाची, गाठीवरून दिशा बघायचं सुचलंच नव्हतं. फांदी खोडातून निघते ती तिरकी, वरच्या दिशेनं. चिरलेल्या लाकडात तो तिरकेपणा नीट दिसतो. ही गाठ खाली तिरकी होती.

मी मुकादमाला फोन केला.

"धक्क्याचे खांब गाळात ठोकताना कुठलं टोक खाली घालतात?"

"बारीक टोक. शेंड्याचं," तो म्हणाला. "जाड टोक खाली घालून ते आत कसं जाईल ताई? खुंटी कुणी उलटी ठोकतं का?"

म्हणजे समुद्रातही ते झाड डोक्यावरच उभं होतं. आम्ही त्याला तिथून काढलं आणि इमानदारीनं परत डोक्यावर उभं केलं. शेंडा माझ्या खोलीत, आणि जिथून मुळं फुटतात ते टोक वहिनीच्या उशाखाली.

मी स्वतःला समजावलं, की लाकूड मेलेलं असतं. मेलेल्या लाकडाला काय उलटं आणि काय सुलटं. ही समजूत चांगली होती आणि माझा तिच्यावर विश्वासही होता. तरी मी जिना चढून गेले आणि वहिनीची खाट ओढून पार खिडकीपाशी नेली. दुसऱ्या दिवशी तिच्यात काही फरक नव्हता. फळ्यांवरून एक फिकट पट्टा मात्र उमटला होता. खांबाच्या डोक्यापासून निघून तो खाटेच्या नव्या जागेपर्यंत गेला होता. तेवढ्या भागातलं लाकूड वाळून पांढरं पडलं होतं.

६

दादा आधी हसला, मग चिडला. "तू शिकलेली बाई आहेस का कोण आहेस?"

"मी सुतार आहे. आणि खांब उलटा आहे. तेवढ्यासाठी तरी काढ."

त्यानं वाकून पट्ट्यावर नख ओढून पाहिलं. मग जाऊन जॅक घेऊन आला. तुळईच्या दोन्ही बाजूंना जॅक लावले, दादा एकीकडे, मी एकीकडे, आणि आम्ही हळूहळू दांडे फिरवायला लागलो. तुळई कुरकुरत वर गेली. खांबाचं डोकं आणि वरची फळी यांच्यामध्ये बोटभर फट पडली. मी शिडीवर होते, माझे डोळे फटीच्या समोर आले.

फटीत धागे होते. केसाहून बारीक, पांढरट, ओले, आणि ताणलेले. खूप होते. माझं मेण कुठेच नव्हतं, उघड्या लाकडातून ते निघाले होते आणि वर फळीत गेले होते. माझा श्वास त्यांना लागला असावा. सगळे एकदम सुटले आणि लाकडात आत गेले.

"काय झालं?" दादानं विचारलं.

तो शिडीवर येऊन बघेपर्यंत तिथं नुसतं साफ, कोरडं लाकूड होतं. मी त्याला सांगितलं नाही. तो घाबरून पळाला असता तर अर्धवट उचललेली तुळई मला एकटीला सांभाळता आली नसती. आम्ही तिथं लोखंडी पाइप उभा केला आणि खांब फरफटत अंगणात नेऊन टाकला. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळच्या आत वहिनीची शुद्ध गेली. दवाखान्यात सलाईन लावलं. एक बाटली संपली, दुसरी लावली, आणि तिचे ओठ होते तसेच फुटलेले राहिले. नर्स पुन्हा पुन्हा सुई तपासत होती, पाणी जातंय कुठं ते तिला कळेना. डॉक्टरीणबाई दादाला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. तो परत आला आणि बाकड्यावर माझ्या शेजारी बसला, पण माझ्याकडे बघेना.

मी घरी आले. अंगणात खांब पडलेला होता आणि त्याच्या दोन्ही टोकांखालची माती भिजलेली होती. मी गुडघ्यावर बसून ती माती दोन्ही हातांनी उचलली. मला काहीच नीट कळत नव्हतं, फक्त एवढं कळत होतं, की हे वहिनीचं आहे आणि इथं मातीत जिरून चाललंय. मी हमसाहमशी रडले. मग उठले आणि दादाला फोन केला.

"घरी ये. खांब परत लावायचा आहे. या वेळी सुलटा."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. विचारण्याच्या पलीकडे गेला होता बिचारा.

७

बुंधा खाली, शेंडा वर. दगड पुसून पाइपच्या जागी खांब उभा केला, जॅक उतरवले, आणि तुळई त्याच्यावर बसली. सकाळी दवाखान्यातून फोन आला, की पेशंटनं पाणी मागितलं आणि ते पोटात ठरलं. पुढच्या आठवड्यात वहिनी घरी आली. आली ती दादाच्या आधारानं, आणि महिना संपायच्या आत स्वयंपाकघरात उभी राहून त्याच्यावर ओरडायला लागली. हातात बांगड्या राहायला लागल्या. गाल भरले. एका सकाळी वरून तिचा सूर आला, आधी अडखळत, मग मोकळा. मी कारखान्यात रंधा मारत होते. हात थांबले. इतका आनंद मला क्वचित झाला असेल. दादा दारात उभा राहून शर्टानं डोळे पुसत होता.

"बघ," तो म्हणाला, "बाबांचं ऐकलं की सगळं नीट होतं."

मीही तेच मानलं. तिचं होतं ते तिला परत मिळालं, हिशोब संपला.

मग वहिनीनं एक दिवस तक्रार केली, की उशाकडच्या फळ्या ओल्या लागतात.

८

माझा आवाज बसलाय. दादाला मी भुशाचं कारण सांगितलंय, सुताराच्या घरात ते सहज खपतं. ओठांना तूप लावते. तीन-चार शर्ट एकावर एक घातले की माणूस बारीक झालेला दिसत नाही.

मला कुणी मूर्ख समजू नये. खोली बदलून पाहण्याइतकी अक्कल मला आहे. मी बिछाना उचलून कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला नेला, खांबापासून जितकं लांब जाता येईल तितकं. सकाळी जरा बरं वाटलं. चहाला वर गेले, तर वहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर भिंत धरून बसली होती. चेहरा पांढराफटक.

"चक्कर आली गं," ती म्हणाली. "काल बरी होते की मी."

मी त्याच दिवशी बिछाना परत खोलीत आणला. दुसऱ्या दिवशी ती गात होती.

खांब काढला तर काय होतं, ते मी दवाखान्यात पाहिलंय. उलटा केला तर काय होतं, तेही पाहिलंय. दादाला सांगितलं तर त्याला दोघींतली एक निवडावी लागेल, आणि त्याच्यावर ती वेळ मी येऊ देणार नाही. शिवाय तो कुणाला निवडेल, ते मला ऐकायचं नाही. कधी कधी वाटतं, की सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत, कोरडी हवा आहे, वय होत चाललंय. तसं वाटतं तेव्हा बरं वाटतं. बाकी वेळ मला भीती वाटते, आणि ती कुणाला बोलून दाखवायची सोय नाही.

आज दुपारी मी खाटेवर बसले होते. पाय जमिनीवर, खांब समोर. घोट वाजत होते. आता ते जवळून येतात, खालच्या बाजूनं. वहिनीनं वरून हाक मारली.

"रंधाबाई, वर ये. नवं गाणं बसवलंय. पहिल्यांदा तूच ऐकायचंस."

"आले," मी म्हणाले. तिला ते ऐकू गेलं नसावं, कारण तिनं परत हाक मारली.

मी उठले. उजवं पाऊल उचललं. मग डावं उचलायला गेले, तळव्याखाली केसासारखं बारीक काहीतरी ताणलं गेलं, आणि जमिनीनं पाऊल जरा उशिरा सोडलं.